सुलाबाईंचं लाल बटण

नाशिकरोडच्या मैत्री कॉलनीत सुलाबाई गांगुर्डे यांच्याबद्दल अशी वावडी आहे की त्या नुसत्या बघून चालती मोटरसायकल बंद पाडतात. कुणी म्हणतं, बाईंच्या डोळ्यांतच काहीतरी आहे. कुणी म्हणतं, वणीच्या गाडीवर कंडक्टर असताना एका साधूला त्यांनी तिकीट माफ केलं आणि त्यानं ही विद्या दिली.

वावडी उठवली सहादू दूधवाल्यानं. सहादूच्या दुधात जेवढं पाणी असतं तेवढंच त्याच्या गोष्टीत असतं, त्यामुळे मूळ माल किती ते कळायला गोष्ट जरा आटवावी लागते. आटवल्यावर उरतं ते असं: एका सकाळी सहादू कॉलनीच्या फाटकात किकवर किक मारत होता. दुधाचे कॅन हिंदकळत होते, सहादू घामानं निथळत होता, आणि गाडी ढिम्म. त्यानं पेट्रोल बघितलं, प्लग काढून फुंकला, गाडीला आईवरून दोन शब्द ऐकवले. सुलाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्या उठल्या, गाडीकडं एकदा बघितलं, उजव्या मुठीपाशी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "मार आता." पहिल्या किकला गाडी सुरू. शाळेत जाणाऱ्या पोरांनी जाता जाता इंजिन बंद करायचं लाल बटण बंदच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं, बस. पण ते बटण सहादूनं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला दिसले ते बाईंचे डोळे.

पुढच्या आठवड्यात तोच सहादू कानाला मोबाईल लावून, एका हातानं गाडी हाकत बोळातून आला. सुलाबाईंनी वाट अडवली, त्यानं ब्रेक मारताच मुठीवर हात नेला आणि गाडी बंद केली. झालं. एकदा चालू केली, एकदा बंद केली, म्हणजे विद्या सिद्ध.

वावडी कानावर आली तेव्हा सुलाबाईंनी सहादूला फाटकातच गाठलं.

"माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो हाय सहादू, आणि तू मला मंतरवाली करतो व्हय? वणीच्या गाडीवर मी माणसं मोजली. साधूला पण तिकीट लावलं. उद्यापासून दूध बंद."

"बघा," सहादू शेजारच्या ओट्याकडं वळून म्हणाला, "दूधपण बंद पाडलं बाईंनी."

तर खरी हकिगत अशी. सुलाबाईंची सगळी नोकरी एसटीच्या घंटेच्या दोरीखाली गेली. एक टिंग म्हणजे थांब, दोन टिंग म्हणजे चल. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात, पण थांबायचं कधी हे दोरीवाल्या बाईच्या हातात. वणीला जाणारे भाविक, द्राक्षाचे क्रेट, कोंबड्या, नवरा-नवरीचं वऱ्हाड, या सगळ्यांच्या डोक्यावरून त्यांचा आवाज जायचा: "सरका आत, आत सरका, मागं लय जागा हाय, दारात काय लग्न लावायचंय का?" हा आवाज नाकाच्या मुळाशी सुरू होतो आणि बसच्या टपावर जाऊन संपतो. वरच्या मजल्यावर राहणारी साक्षी, म्हणजे हे लिहिणारी, तो इतका हुबेहूब काढते की एकदा सुलाबाईंच्या घरातले सगळे खरंच आत सरकले होते.

निवृत्त झाल्यावर सुलाबाई पहिल्यांदा मुलाच्या, संघर्षच्या, मोटरसायकलवर मागं बसायला निघाल्या. पाय टाकायच्या आधी म्हणाल्या, "बंद कशी करायची ते दाखव."

"आई, लोक आधी चालू कशी करायची ते विचारतात."

"चालू करायला तू बसलायस ना पुढं. माझं काम बंद करायचं. दोरी कुठाय?"

संघर्षनं वैतागून किल्ली दाखवली. सुलाबाईंनी मान हलवली. किल्ली फिरवायची म्हणजे मूठ सोडायची, आणि गाडी बिथरली असताना मूठ सोडणारा माणूस त्यांच्या मते चालत्या बसच्या टपावरून उतरणाऱ्या उतारूइतका शहाणा. मग त्यांना ते लाल बटण दिसलं. उजव्या मुठीच्या शेजारी, अंगठ्याच्या टप्प्यात. मूठ न सोडता दाबायचं, इंजिन गप. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू एसटीनं त्यांना घंटा घरपोच पाठवली होती.

"एवढी सोन्यासारखी सोय दिलीय आणि तुम्ही पोरं तिच्याकडं बघत पण नाय?"

त्या दिवसापासून सुलाबाई कुणाच्याही गाडीवर बसण्याआधी परीक्षा घेऊ लागल्या. चालवणाऱ्यानं डोळे मिटायचे. सुलाबाई तोंडानं "टिंग" म्हणणार. त्यानं मूठ न सोडता, न चाचपडता गाडी बंद करायची, आणि बंद केली की ती बंदच राहिली पाहिजे, अंगठा काढल्यावर परत गुरगुरता कामा नये. नापास माणसाच्या मागं सुलाबाई बसत नसत. बाजार लांब असला तरी चालत जात, आणि नापास झालेल्याला शेजारून हळूहळू गाडी चालवत यावं लागे, कारण पिशव्या त्याच्याकडं दिलेल्या असत.

शेवटी त्यांनी स्वतःचीच मोपेड घेतली. जुनी, पुढं सपाट जागा असलेली, भाजीवाले वापरतात तसली. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना पाय टेकला नाही, उलट संपल्यावर साहेबांना विचारलं, "बंद करून दाखवू का?" साहेब म्हणाले, गरज नाही. सुलाबाईंनी तरी दाखवली.

मोपेड घ्यायचं कारण भागीबाई. भागीबाई म्हणजे सुलाबाईंची जुनी जोडीदारीण, तीही कंडक्टर, आता देवळाली कॅम्पात लेकीकडं राहते. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. दर रविवारी सुलाबाई लॅम रोडनं तिच्याकडं जात, दोघी मिळून मेलेल्या-जित्या सगळ्या ड्रायव्हरांची उणीदुणी काढत, आणि संध्याकाळी सुलाबाई हलक्या होऊन परत येत. बसनं का जात नव्हत्या? एकदा गेल्या होत्या. सवयीनं उठून माणसांना आत सरकवलं, एकाची नोट मोडून दिली आणि दोनदा घंटा मारली. त्या बसच्या कंडक्टरनं हात जोडले.

संघर्षला मात्र आई रस्त्यावर एकटी गेली की जेवण जात नसे. त्याचं प्रेम तक्रारीच्या रूपात बाहेर पडतं. फोन करून "पोचलीस का" म्हणायच्या ऐवजी "हेल्मेटचा पट्टा लावला होतास का" म्हणतो. चांदवडच्या मामांना कांद्याच्या गोणी शेतातून आणायला अशीच मोपेड हवी होती. मामा दर फोनला विचारत, आणि संघर्ष दर फोननंतर आईकडं बघत असे.

बाबासाहेबांची जयंती जवळ आली तशी ही गोष्ट निकराला आली. यंदा कॉलनीतल्या बायकांनी मोटरसायकल-स्कूटरवरून मिरवणूक काढायची ठरवली होती. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, निळे झेंडे. अंगणवाडीच्या मोहिनीताई सगळं जमवत होत्या. सगळ्यात पुढं सुलाबाई, असं एकमतानं ठरलं.

संघर्ष जेवताना म्हणाला, "आई, एवढ्या गर्दीत नको ना."

"मी दिवाळीच्या गर्दीत वणीची गाडी सांभाळलीय."

"तेव्हा तिकिटं फाडत होतीस. हे चालवायचंय." मग त्यानं भाकरी खाली ठेवली. "बरं. जा. पण कुठं गाडी हाताबाहेर गेली, तर दुसऱ्या दिवशी ती चांदवडला जाणार. मामांना तसं सांगून ठेवतो. कबूल?"

भागीबाईकडं जायचे सगळे रविवार त्या एका शब्दात अडकले होते. सुलाबाईंनी आमटी ओरपली, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कबूल."

संघर्षची बायको चैताली गप्प होती. नवरा आणि सासू यांच्यामध्ये बोलणं म्हणजे दोन बसच्या मध्ये सायकल घालण्यासारखं, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. पण सासूसाठी काहीतरी करावं असं तिला फार वाटलं. म्हणून आदल्या संध्याकाळी तिनं मोपेड सजवायला घेतली. दोन्ही मुठींना निळी रिबीन गुंडाळली, अगदी घट्ट, एकावर एक वेटोळी, वर चमकीचा दोरा. उजव्या मुठीपाशी ते लाल बटण निळ्यात खुपत होतं, तर त्याच्यावर हातभर रिबिनीचं टपोरं फूल बांधून टाकलं. गाडी नवरीसारखी दिसायला लागली. सुलाबाई बाहेर आल्या, बघतच राहिल्या, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. लाल बटण कुठं गेलं हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी सगळ्या जमल्या. सुलाबाईंनी हेल्मेटवरून फेटा बांधला होता, कारण फेट्यासाठी हेल्मेट काढायला त्या तयार नव्हत्या आणि हेल्मेटसाठी फेटा सोडायला मोहिनीताई. त्या एखाद्या सत्कार केलेल्या पाण्याच्या टाकीसारख्या दिसत होत्या, पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

"निघायच्या आधी चेकिंग," सुलाबाई म्हणाल्या.

"आता?" मोहिनीताई म्हणाल्या. "आरटीओवाले पण इतकं करत नाहीत हो, काकू."

"आरटीओवाले तुझ्या मागं झेंडा घेऊन बसणार हायत का? गाड्या स्टँडवर लावा. चालू करा. डोळे मिटा."

रांगेनं परीक्षा सुरू झाली. टिंग. एकीनं इंडिकेटर लावला. टिंग. एकीनं हॉर्न इतका जोरात वाजवला की पुढचीनं घाबरून बरोबर बटण दाबलं, आणि तिला पास करावं की नाही यावर चर्चा झाली. एकीनं बटण दाबून इंजिन बंद केलं, पण अंगठा उचलताच बटण परत जागेवर आलं. "हे काय थांबणं झालं?" सुलाबाई म्हणाल्या. "हे नुसतं ठेचकाळणं झालं. गॅरेजला ने." मोहिनीताईंच्या स्वतःच्या जुन्या स्कूटरला लाल बटणच नव्हतं. त्यांना मागं, साक्षीच्या मावशीच्या गाडीवर बसवण्यात आलं, आणि आयोजकाला मागं बसवणारी ही पहिलीच मिरवणूक असेल असं त्या फाटकापासून चौकापर्यंत म्हणत राहिल्या.

कंडक्टर सगळ्या बसची माणसं मोजतो आणि स्वतःला मोजत नाही. वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, त्याचं तिकीट नसतं. सुलाबाईंनी सगळ्यांच्या गाड्या तपासल्या आणि थेट आपल्या गाडीवर जाऊन बसल्या. मागं भागीबाई, जी खास यासाठी रिक्षानं आली होती, गुडघे आवळून, झेंडा उंच धरून.

"डबल बेल," भागीबाई मागून म्हणाली.

"टिंग टिंग," सुलाबाई म्हणाल्या, आणि निघाल्या.

पहिला अर्धा रस्ता नुसती मजा होती. गॅलऱ्यांतून हात हलत होते, पोरं शेजारून पळत होती, भागीबाई रस्त्याकडेच्या ओळखीच्या माणसांना नावानं हाका मारत होती आणि अनोळखी माणसांनाही काहीतरी नाव ठेवून मारत होती. चैताली बायकांच्या रांगेत होती, आणि सकाळीच पुढं निघून गेलेला संघर्ष आता आपली नवी मोटरसायकल घेऊन कडेकडेनं येत होता, देखरेखीला.

पुढं वळणावर सरबताचा हातगाडा उभा होता आणि त्याच्या अलीकडं लेझीमची मुलं नाचत होती. सुलाबाईंनी वेग कमी करायला मूठ सैल केली. मूठ परत फिरली नाही. गुंडाळलेल्या रिबिनीचं एक वेटोळं सुटून मुठीच्या फटीत शिरलं होतं आणि चमकीच्या दोऱ्यानं ते आवळून धरलं होतं. मोपेड पुढं ओढायला लागली.

सुलाबाईंनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी मंदावली, पण थांबेना. इंजिन खालून बोंबलत होतं, लेझीमची मुलं जवळ येत होती. अंगठा लाल बटणाकडं गेला आणि मऊ लागला. रिबिनीचं फूल. त्यांनी दाबलं, फूल दबलं, बटण जिथल्या तिथं. किल्ली खाली गुडघ्यापाशी, आणि ब्रेकवरची बोटं काढायची तर गाडी सुटणार.

"भागे," त्या म्हणाल्या, अगदी हळू. आयुष्यात पहिल्यांदाच हळू. "टिंग कर."

भागीबाईनं एका हातातला झेंडा दुसऱ्या हातात घेतला नाही, सरळ शेजारून पळणाऱ्या माणसाच्या छातीशी दिला. पुढं वाकली, सुलाबाईंच्या काखेखालून हात घातला, फूल मुठीत धरून ओढलं तसं ते देठासकट आलं, आणि अंगठ्यानं बटण बंदकडं ढकललं. इंजिन गप झालं. मोपेड सरबताच्या गाड्याला हलकेच टेकली. एक ग्लास हेलपाटला आणि सरबतवाल्यानं तो धरला.

लेझीम थांबलं होतं. सुलाबाई उतरल्या. आवाज जागेवर आला होता.

"मिरवणूक थांबवा. कुणाच्या उजव्या मुठीला रिबीन हाय? सोडा. आत्ताच्या आत्ता. झेंडा डाव्या बाजूला बांधा, मागं बांधा, डोक्याला बांधा. उजवी मूठ उघडी पाहिजे." मग घसा साफ केला. "चेकिंगला माझीच गाडी राहिली होती. चूक माझी. सुनेला कुणी बोलायचं नाय, तिनं मायेनं बांधलं."

चैताली रडायच्या बेतात होती, ती हसायला लागली, आणि मग दोन्ही एकदम करायला लागली.

संघर्ष गर्दीतून आला. चेहरा पांढराफटक. आधी आईचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, आणि ते धड आहेत म्हटल्यावर त्याला राग आला.

"आई, काय ठरलं होतं?"

"हाताबाहेर गेली तर चांदवडला."

"मग?"

"गेली होती हाताबाहेर. खोटं कशाला बोलू?" सुलाबाईंनी वाकून किल्ली काढली आणि तळहातावर धरली. भागीबाई काहीतरी बोलणार होती, त्यांनी तिला कोपरानं गप्प केलं. "ने. पण ही किल्ली न्यायची तर तू पण चेकिंगला उभा राहा. सकाळी तू सगळ्यांच्या आधी निघून गेलास. तुझी गाडी माझ्यापेक्षा बरी थांबत असंल तर माझी घेऊन जा, मी रिक्षानं फिरीन. नाहीतर कुठल्या तोंडानं नेतोस?"

"माझी नवी गाडी आहे, आई."

"नवी हाय म्हणून तर बघायचीय."

बायकांनी गोल धरला. संघर्षनं गाडी स्टँडवर लावली, चालू केली, सगळ्यांकडं बघून हसला आणि डोळे मिटले. सुलाबाई साक्षीकडं वाकल्या.

"काय वाटतं गं तुला?"

"दादा पास," साक्षी म्हणाली. "नवी गाडी, सगळं चकाचक आहे. तुमची गेली काकू."

"लावतेस पैज?"

"लावते."

"हरलीस तर बुद्धपौर्णिमेपर्यंत कुणाची नक्कल काढायची नाय. माझी तर नायच नाय."

"आणि जिंकले तर?"

"तर रोज फाटकात उभी राहून माझी काढ, मी खुर्ची टाकून ऐकीन."

साक्षीनं हातावर हात मारला. एवढी सोपी पैज कुणी सोडत नाही.

"टिंग," सुलाबाई म्हणाल्या.

संघर्षचा अंगठा निघाला आणि मोबाईलच्या स्टँडवर आपटला. रस्ता बघायला सोपं पडतं म्हणून त्यानं उजव्या मुठीपाशी तो स्टँड बसवून घेतला होता, आणि त्याची पट्टी बरोबर लाल बटणाच्या वाटेत आली होती. अंगठा पट्टीच्या वरून गेला, खालून गेला, मग स्टार्टरवर पडला. चालू इंजिनावर स्टार्टर असा किंचाळला की सरबतवाल्यानं दुसरा ग्लास आपणहून आत घेतला. संघर्षनं डोळे उघडले, वाकून बघितलं, नखानं बटण सरकवायचा प्रयत्न केला. पट्टी असताना ते अर्धंच सरकत होतं. गाडी मजेत फडफडत राहिली. शेवटी त्यानं किल्ली फिरवली.

हसू सगळ्यात आधी चैतालीला फुटलं, मग भागीबाईला, आणि मग ते पार मागच्या गाडीवर बसलेल्या मोहिनीताईंपर्यंत गेलं.

संघर्षनं सरबतवाल्याकडं स्क्रू ड्रायव्हर मागितला, त्यानं चमचा दिला, चमच्यानं स्क्रू फिरवले, पट्टी काढून खिशात टाकली. परत गाडी चालू केली, डोळे मिटले आणि अंगठ्यानं बंद केली. बंदच राहिली.

"आता पास?"

"आता पास," सुलाबाई म्हणाल्या.

त्यानं आईच्या तळहातावरची किल्ली उचलली, तिच्या मोपेडची उजवी मूठ स्वतः उघडी केली, दोऱ्याचा शेवटचा धागा दातानं तोडला, मूठ पुन्हा पुन्हा फिरवून सोडून बघितली, लाल बटण दाबून बघितलं, आणि किल्ली जागेवर लावून दिली.

"मामांना काय सांगू?"

"सांग, गोणी बैलगाडीतून आण म्हणावं. रविवारी मला कॅम्पात जायचंय."

"पट्टा लाव," संघर्ष म्हणाला. "हेल्मेटचा."

लेझीम परत सुरू झालं. भागीबाईनं त्या अनोळखी माणसाकडून झेंडा मागून घेतला आणि त्याला डावीकडं चालायची सूचना दिली. सुलाबाई गाडीवर बसल्या, पण डबल बेल द्यायच्या आधी त्यांनी मान वळवून साक्षीला शोधलं.

"पैज काय होती?"

"बुद्धपौर्णिमेपर्यंत नक्कल नाही," साक्षी म्हणाली. हे तिच्या तोंडून नाकाच्या मुळाशी सुरू होऊन बसच्या टपावर संपणाऱ्या आवाजात निघालं. सवय.

सुलाबाईंनी ऐकून घेतलं. "मग पौर्णिमेच्या पुढं आणखी एक आठवडा," त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

तोंड बंद आहे. हातांबद्दल काही ठरलं नव्हतं, म्हणून हे लिहून काढलंय.